फादर थिओबॉल्ड मॅथ्यू : मद्यत्यागाचा प्रेषित

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरतांना आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. प्रभूनें काना गांवच्या लग्नांत पाण्याचा द्राक्षारस केला, पौलानें तीमथ्याला त्याच्या दुखण्यासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें, आणि प्रभुभोजनाच्या वेळीं आपण सर्वच प्याला हातीं घेतों. मग लग्नकार्यांत दोन घोट घेणाऱ्या भावाला मंडळीनें दोष कां द्यावा? दुसरा कोणी विचारतो कीं, अमक्या पंथाचे लोक पितात व तमक्या पंथाचे पीत नाहींत, तर ह्यांत शास्त्राप्रमाणें चालणारे कोण? हा प्रश्न नेहमीं वादासाठींच विचारलेला नसतो. ज्या घरांतील भांडींकुंडीं दारूपायीं विकलीं गेलीं, त्या घरची बाई तोच प्रश्न डोळ्यांत पाणी आणून विचारते.

ह्या प्रश्नाचें उत्तर केवळ शास्त्रवादानें देऊं गेल्यास तें फार लांबेल, आणि ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाला भिडेलच असें नाहीं. म्हणून आज आम्ही वाचकांपुढें एका पुरुषाचें चरित्र ठेवितों. ते आमच्या पंथाचे नव्हते. ते रोमन कॅथोलिक असून कापुचिन संघाचे भिक्षु होते. तरी त्यांच्या हयातींत दारू सोडण्याची प्रतिज्ञा जितक्या लोकांनीं त्यांच्या हातून घेतली, तितक्यांनीं दुसऱ्या कोणाही एका उपदेशकाच्या हातून क्वचितच घेतली असेल. त्यांच्या यशांतून आपणांस शिकण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यांच्या अपयशांतून त्याहूनही अधिक आहे.

थिओबॉल्ड मॅथ्यू ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १७९० रोजीं आयर्लंड देशांतील टिपेररी परगण्यांत टॉमसटाउन येथें झाला. घराणें खाऊनपिऊन सुखी होतें व पाहुण्यांचा राबता मोठा असे. बालपणापासून ह्या मुलाला दुसऱ्यांस जेवूं घालण्याची भारी हौस. ह्याच हौसेनें एकदां त्यांस गोत्यांत आणिलें. १८०७ सालीं ते धर्मगुरूचें शिक्षण घेण्यासाठीं मेनूथ येथील विद्यालयांत गेले. तेथें नियम मोडून त्यांनीं सोबत्यांना आपल्या खोलींत मेजवानी दिली. गोष्ट वरिष्ठांच्या कानीं गेली, आणि काढून टाकण्याची पाळी येण्यापूर्वींच त्यांनीं १८०८ सालीं विद्यालय सोडलें. ज्या तरुणाचें शिक्षण एका मेजवानीपायीं खंडित झालें, तोच पुढें संयमाचा सर्वांत मोठा उपदेशक व्हावा, ह्यांत देवाची करणी दिसत नाहीं काय?

त्यानंतर ते कापुचिन संघांत शिरले. आयर्लंडांत त्या वेळीं हा संघ अगदीं लहान व दरिद्री होता. १८१४ सालीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि थोड्याच काळानें ते कॉर्क शहरांतील एका लहानशा मठांत कामास लागले. तेथें त्यांनीं वीसांहून अधिक वर्षें गाजावाजा न करितां सेवा केली. पहांटेपासून ते लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकत बसत. गरीब मुलांसाठीं त्यांनीं शाळा चालविल्या. त्या काळीं जुन्या दफनभूमी प्रॉटेस्टंट धर्माधिकाऱ्यांच्या ताब्यांत असत, आणि रोमन कॅथोलिकांच्या प्रेतापाशीं प्रार्थना करूं देण्यास ते कधीं कधीं हरकत घेत. हा दोष आमच्या बाजूचा होता, हें कबूल केलें पाहिजे. मॅथ्यू ह्यांनीं भांडण न मांडतां १८३० सालीं शहराची जुनी वनस्पतींची बाग घेऊन तेथें नवी दफनभूमि केली. पुढें १८३२ सालीं कॉर्क शहरांत पटकीची सांथ आली. त्या वेळीं ते रात्रंदिवस रोग्यांच्या उशाशीं दिसत. लोकांचा त्यांच्यावर जो विश्वास बसला, तो व्याख्यानांनीं नव्हे, तर अशा सेवेनें बसला.

आतां त्या वेळच्या आयर्लंडांतील दारूविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १८४१ च्या खानेसुमारींत त्या देशाची लोकसंख्या ८१ लक्षांहून अधिक भरली. बहुतेक लोक कुळें व शेतमजूर असून बटाट्यावर जगत. जन्म, लग्न, मरण, बाजार, जत्रा, मजुरीचा वायदा, ह्यांतील कोणतीही गोष्ट व्हिस्कीवांचून पुरी होत नसे. सरकारी कर भरलेली दारू वेगळी, आणि डोंगरांत चोरून गाळलेली वेगळी. आपल्या इकडे मोहाची भट्टी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें अधिक सांगावयास नको.

ह्या व्यसनाविरुद्ध प्रथम उठले ते प्रॉटेस्टंट होते. १८२९ सालीं बेलफास्टचे प्रेस्बिटेरियन पाळक जॉन एडगर ह्यांनीं आपल्या घरांतील व्हिस्की खिडकींतून बाहेर ओतून टाकिली. त्याच वर्षीं न्यू रॉस येथें पाळक जॉर्ज कार ह्यांनीं मंडळ स्थापिलें. परंतु हीं पहिलीं मंडळें केवळ गाळलेल्या कडक दारूविरुद्ध होतीं. बियर व द्राक्षारस बेताने घेण्यास त्यांची हरकत नसे. पुढें १८३२ सालीं इंग्लंडांतील प्रेस्टन गांवीं चीज विकणारे जोसेफ लाइव्हसी व त्यांचे सोबती ह्यांनीं सर्वच मादक पेयें सोडण्याची प्रतिज्ञा केली. तेव्हांपासून दोन पक्ष पडले. एक मितपानाचा, दुसरा पूर्ण त्यागाचा. ज्या एडगरसाहेबांनीं व्हिस्की ओतली, तेच पूर्ण त्यागाचे विरोधक झाले. कारण ज्या गोष्टीस शास्त्र पाप म्हणत नाहीं, तिला पाप म्हणण्याचा अधिकार मनुष्यास नाहीं, असें त्यांचें मत होतें. श्रीमंतांचा द्राक्षारस वगळून गरिबांच्या व्हिस्कीवर टीका होते, असें पूर्णत्यागी उलट म्हणत.

कॉर्क शहरांत विल्यम मार्टिन नांवाचे एक क्वेकर गृहस्थ पूर्ण त्यागाच्या पक्षाचे होते. ते व फादर मॅथ्यू दोघेही गरिबांच्या आश्रयगृहाच्या व्यवस्थापकांपैकीं होते. तेथें दारूनें धुळीस मिळालेला कोणी दिसला कीं मार्टिन मॅथ्यूंकडे वळून सुचवीत कीं, हें काम त्यांनीं हातीं घेतलें तर किती बरें होईल. क्वेकरांच्या भजनांत धर्मगुरु नाहीं व प्रभुभोजनाचा विधि नाहीं. कापुचिन भिक्षूचें सारें जीवित तर वेदीभोंवतीं गुंफलेलें. असे हे दोघे एका गरिबाच्या खाटेपाशीं एक झाले. मॅथ्यू ह्यांनीं पुष्कळ दिवस विचार केला. त्यांच्या आप्तांचे दारू गाळण्याचे कारखाने होते, आणि ह्या कामीं आपल्याच माणसांच्या पोटावर पाय येणार हें त्यांस कळत होतें. अखेर १० एप्रिल १८३८ रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, आपल्या शाळेच्या दालनांत एक लहान सभा भरवून त्यांनीं देवाचें नांव घेऊन वहींत पहिली सही केली. त्या रात्रीं सुमारें साठ जणांनीं त्यांच्यामागें नांवें लिहिलीं. सत्तेचाळिसाव्या वर्षीं आपल्यापैकीं कित्येक पाळकांस वाटूं लागतें कीं, आतां नवें कांहीं व्हावयाचें नाहीं; त्यांनीं ही तारीख लक्षांत ठेवावी.

प्रतिज्ञा साधी होती. मी सर्व मादक पेयें सोडीन, वैद्यानें औषध म्हणून दिल्यास तेवढींच घेईन, आणि दुसऱ्यांच्या मद्यपानास उत्तेजन देणार नाहीं, हा तिचा भावार्थ. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारें दीड लक्ष नांवें लागलीं. दूरदूरच्या परगण्यांतून माणसें पायीं चालत येऊं लागलीं. १८३९ च्या डिसेंबरांत ते लिमरिक येथें गेले, तेव्हां तर रस्त्यांत उभें राहावयास जागा उरली नाहीं. चार दिवसांत दीड लक्ष लोकांनीं गुडघे टेकून प्रतिज्ञा घेतली असें सांगतात. ह्या आंकड्यांत अतिशयोक्ति असेल, परंतु सरकारी करांचे आंकडे तर थाप मारीत नाहींत. आयर्लंडांत १८३९ सालीं सुमारें १ कोटि ८ लक्ष गॅलन दारूवर कर भरण्यांत आला; १८४२ सालीं तोच आंकडा सुमारें ५३ लक्षांवर उतरला. तीन वर्षांत निम्मी दारू कमी झाली. आप्तांच्या कारखान्यांस मोठा धक्का बसला, तो मॅथ्यू ह्यांनीं निमूटपणें पाहिला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मॅथ्यू ह्यांच्या मंडळीच्या मतें मिस्साविधीस द्राक्षांचा खरा द्राक्षारस लागतोच. ते स्वतः रोज वेदीवर तो घेत. म्हणून द्राक्षारस ही वस्तूच पापाची, असें त्यांस कधींही म्हणतां आलें नाहीं, व त्यांनीं म्हटलेंही नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, जी वस्तु माझ्या भावाचा नाश करीत आहे, ती मीं प्रीतीस्तव सोडावी. त्यागाची त्यांनीं आज्ञा केली नाहीं, विनंति केली. असें असूनही त्यांच्याच मंडळींतील टूआमचे आर्चबिशप मॅकहेल त्यांच्या विरुद्ध होते. आणि आमच्याकडची स्थिति काय होती? मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली ह्यांनीं १७४३ च्या नियमांत, अत्यंत गरज पडल्याशिवाय कडक दारू पिण्यास व ती विकण्यास मनाई केली होती. परंतु द्राक्षारस व बियर ह्यांस त्यांची मनाई नव्हती. त्यांच्याच अनुयायांच्या इंग्लंडांतील परिषदेनें १८४१ सालीं असा ठराव केला कीं, प्रभुभोजनांत न आंबलेला रस वापरूं नये व पूर्णत्यागी सभांना उपासनामंदिरें देऊं नयेत. जो पंथ पुढें पूर्ण त्यागाविषयीं सर्वांत प्रसिद्ध झाला, त्याचेच पुढारी त्या वर्षीं त्या चळवळीस दार लावीत होते! ह्यावरून पंथांचे नियम काळाप्रमाणें बदलतात, हें दिसून येतें. म्हणून आपल्या पंथाच्या आजच्या नियमाचा अभिमान धरून दुसऱ्यास तुच्छ लेखणें योग्य नव्हे. १८४३ सालीं मॅथ्यू इंग्लंडांत गेले तेव्हां नॉरिच येथील अँग्लिकन बिशप स्टॅन्ली ह्यांनीं भर सभेंत त्यांस पाठिंबा दिला, आणि पुष्कळ प्रॉटेस्टंटांनीं त्यांच्या हातून प्रतिज्ञा घेतली.

ह्या पुरुषाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीं तर हें चरित्र न होतां स्तुतिपाठ होईल. प्रतिज्ञा घेणाऱ्यास ते एक पदक देत. त्याची किंमत ठरलेली होती, पण पुष्कळांस ते फुकटच देत. आणि ज्याला घरीं जावयास पैसे नसत, त्यास वाटखर्चीही देत. हिशेब ठेवणें त्यांस साधलें नाहीं. कर्ज हजारों पौंडांवर गेलें, व एकदां त्यांस कर्जापायीं अटकही झाली. ज्यानें अटक केली, त्यानें आधीं गुडघे टेकून त्यांच्या हातून प्रतिज्ञा घेतली, अशी कथा सांगतात. अडाणी लोक त्यांच्या पदकाला व हस्तस्पर्शाला रोग बरे करणारी शक्ति आहे असें मानूं लागले. तो समज खोडून काढण्यांत त्यांनीं पाहिजे तितका कडकपणा दाखविला नाहीं. सर्वांत मोठी उणीव ही कीं, चळवळ एका मनुष्याच्या भोंवतीं फिरत राहिली. एका दिवशीं दहा हजारांनीं शपथ घेतली, तर दुसऱ्या दिवशीं त्यांना हात देण्यास गांवोगांवीं खंबीर मंडळ असावें लागतें. तशीं मंडळें पुष्कळ ठिकाणीं नांवालाच होतीं.

इतक्यांत आयर्लंडावर घोर संकट आलें. १८४५ सालीं बटाट्यावर रोग पडला. १८४६ च्या जुलईअखेर मॅथ्यू कॉर्कहून डब्लिनला गेले तेव्हां शेतें हिरवींगार होतीं. आठवड्यानें परतले तों सारा पाला कुजून काळा पडला होता, आणि लोक कुंपणावर बसून हात चोळीत रडत होते. हें त्यांनीं सरकारी अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन ह्यांस कळविलें. हे ट्रेव्हेलियन पूर्वीं हिंदुस्थानांत कंपनीच्या नोकरींत होते, व पुढें १८५९ सालीं मद्रासचे गव्हर्नर झाले. त्यानंतरच्या वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व रोगानें मेलीं, आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेलीं. मॅथ्यू ह्यांनीं प्रतिज्ञेच्या वह्या बाजूस ठेवून भुकेलेल्यांना अन्न दिलें. भुकेल्यापुढें व्याख्यान देऊं नये, हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. परंतु ह्या वर्षांत चळवळ मोडली. प्रतिज्ञा घेतलेले कित्येक मेले, कित्येक परदेशीं गेले, आणि निराशेनें कित्येक पुन्हां पिऊं लागले. १८४७ सालीं कॉर्कच्या धर्मगुरूंनीं बिशपपदासाठीं त्यांचें नांव सर्वांत वर पाठविलें, पण रोमहून दुसऱ्याची नेमणूक झाली. त्याच वर्षीं राणी व्हिक्टोरियाच्या सरकारनें त्यांस सालीना ३०० पौंडांचें पेन्शन दिलें. तेंही सावकारांच्या फेडीपायीं गेलें. १८४८ सालीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला.

अशा स्थितींतही १८४९ च्या जुलईंत ते अमेरिकेस पोंचले. न्यू यॉर्क शहरानें त्यांचें थाटानें स्वागत केलें. येथें मात्र त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण परीक्षा झाली. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांनीं डॅनियल ओकॉनेल ह्यांच्यासह एका पत्रकावर सही करून अमेरिकेंतील आयरिश लोकांस गुलामगिरीविरुद्ध उभे राहण्यास विनविलें होतें. १८४५ सालीं गुलामगिरींतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस कॉर्क येथें त्यांच्या घरीं गेले होते व त्यांच्या हातून मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेऊन गेले होते. आतां बॉस्टनच्या विल्यम लॉइड गॅरिसन ह्यांनीं त्यांस गुलामगिरीविरुद्ध जाहीर बोलण्याची विनंति केली. मॅथ्यू ह्यांनीं नकार दिला. आपण एकाच कामास आलों आहों, दुसऱ्या वादांत शिरल्यास दक्षिणेकडील दारें बंद होतील, असा त्यांचा विचार होता. डग्लस ह्यांस ह्याचें फार दुःख झालें. आणि विशेष हें कीं, नुसतें मौन धरूनही काम भागलें नाहीं. जुन्या सहीची आठवण ठेवून जॉर्जिया संस्थानांतील मद्यत्यागी पुढाऱ्यांनीं त्यांस दिलेलें आमंत्रण परत घेतलें. जो मनुष्य बाटलीच्या दास्यांतून लाखोंना सोडवीत होता, त्याला बेडीच्या दास्याविषयीं बोलवेना. आम्ही त्यांस दोष देण्यास उतावीळ नाहीं. पण एका पापाशीं लढतांना दुसऱ्या पापाकडे डोळेझांक करण्याचा मोह आपणां सर्वांनाच होतो. जो पाळक दारूवर उपदेश करितो व मंडळींतील जातिभेदावर गप्प बसतो, त्यानें ह्या ठिकाणीं थांबून विचार करावा.

सुमारें अडीच वर्षें पंचवीस संस्थानांतून हिंडून, आजारी शरीरानें पांच लक्षांहून अधिक लोकांस प्रतिज्ञा देऊन ते १८५१ च्या अखेरीस मायदेशीं परतले. पुढें पुन्हां अर्धांगवायु झाला. शेवटचीं वर्षें त्यांनीं बहुतेक एकांतांत काढिलीं; तरी कोणी दारीं आला तर थरथरत्या हातानें ते त्यास प्रतिज्ञा देत. ८ डिसेंबर १८५६ रोजीं क्वीन्सटाउन येथें त्यांचा अंत झाला. त्यांनींच गरिबांसाठीं उघडलेल्या दफनभूमींत त्यांस मूठमाती दिली. १८६४ सालीं कॉर्क शहराच्या भर रस्त्यांत त्यांचा पुतळा उभारला गेला.

त्यांच्यामागून निरनिराळ्या पंथांनीं त्यांचा धडा आपापल्या परीनें गिरवला. इंग्लंडच्या मंडळीच्या मद्यसंयम संस्थेनें १८७३ सालीं दोन्ही वर्गांस जागा दिली. मितपानी व पूर्णत्यागी एकाच संस्थेंत काम करूं लागले. अमेरिकेंत १८६९ सालीं टॉमस वेल्च नांवाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानें द्राक्षांचा रस न आंबतां टिकविण्याची युक्ति काढिली, आणि हळूहळू मेथडिस्ट व पुष्कळ बाप्तिस्त मंडळ्यांत तोच रस प्रभुभोजनास वापरूं लागले. साल्व्हेशन आर्मीनें आपल्या प्रत्येक सैनिकास पूर्ण त्यागाची अट घातली. लूथरन मंडळ्या बहुधा मितपानाच्या मतास धरून राहिल्या. रोमन कॅथोलिकांत फादर जेम्स कलन ह्यांनीं १८९८ सालीं डब्लिन येथें अवघ्या चार स्त्रियांना घेऊन नवा संघ काढिला. त्यांत गर्दीला एकदम शपथ न देतां उमेदवारीचा काळ ठेविला, आणि म्हणून तो टिकला. त्याच शहरांत मॅट टॅलबट नांवाच्या एका पिणाऱ्या मजुरानें १८८४ सालीं प्रथम केवळ तीन महिन्यांची प्रतिज्ञा केली. ती पुरी झाली, मग पुढची, आणि १९२५ सालीं मरेपर्यंत त्यानें दारूला स्पर्श केला नाहीं.

तर मग आरंभींच्या प्रश्नास आम्ही काय उत्तर देतों? द्राक्षारसाला पाप म्हणणें आम्हांस शास्त्रावरून साधत नाहीं, आणि दारूबाजी पाप आहे ह्याविषयीं तर एकाही पंथांत मतभेद नाहीं. ह्या दोहोंमध्यें जी वाट आहे, तिच्यावर प्रीति हीच मार्गदर्शक आहे. लग्नांत दोन घोट घेणारा भाऊ स्वतः कदाचित् पडणार नाहीं. पण त्याच्या शेजारीं बसलेला, गेल्याच महिन्यांत सोडलेला दुबळा भाऊ त्याच्याकडे पाहून पडेल. त्या एकासाठीं आपला प्याला खालीं ठेवणें हा कायदा नव्हे, ही देणगी आहे. आणि मंडळ्यांस आमची विनंति ही कीं, सणाच्या उत्साहांत सर्वांकडून एकदम हात वर करवून घेऊन घरीं जाऊं नये. ज्यानें शपथ घेतली त्याच्या घरीं दुसऱ्या आठवड्यांत कोण जाणार, बाजाराच्या दिवशीं त्याच्याबरोबर कोण चालणार, त्याच्या कर्जाची व पोटाची विचारपूस कोण करणार, हें आधीं ठरवावें. फादर मॅथ्यू ह्यांच्यापाशीं लाखों नांवें होतीं, पण अशीं चालणारीं माणसें थोडीं होतीं. आपल्या लहानशा मंडळींत नांवें दहाच असोत. पण त्या प्रत्येकाबरोबर चालणारा एक असला, तर दुष्काळांतही तें काम मोडणार नाहीं.